तोंड धुतलेली शिवराई

पितृपंधरवडा सरत आला की आमच्या भूमच्या गल्लीला आवाज फुटतो. खस्स खस्स, खस्स खस्स. बाया घरातली भांडी दारात आणून बसलेल्या असत्यात. पुढ्यात भिजवलेली चिंच, चुलीतली राख, जाडं मीठ, नारळाच्या शेंडीचा बोळा. घट बसायच्या आत तांब्या-पितळंचं एकूण एक भांडं चकाकलं पाहिजे, न्हायतर देवी उंबऱ्यातनंच परत जाती म्हणं. पावसानं उघडीप दिलेली असती. ऊन असं चावरं, की वाळत घातलेल्या गोधडीला हात लावला तर हात मागं येतो. गावाबाहेर सोयाबीनची मळणी चालू, त्याचं भुसकट उडत उडत पार गल्लीत, नाकात, चहात. आन ह्या सगळ्यावर चिंचेचा आंबट वास, दाताला शिरशिरी आणणारा.

मला नकला येत्यात. तसा मी मोबाईलच्या दुकानात बसतो, लोकांच्या स्क्रीनवर काच चिकटवतो, पण हळदीला, गॅदरिंगला कुणी बोलावलं की माईक धरतो. कोर्टातला पुकारा, लिलावातला अडत्या, चढाला लागलेली जुनी एसटी, सगळं एका तोंडातनं. ही खस्स खस्ससुद्धा काढतो. शेजारच्या काकू फसत्यात. "कोण गं अजून घासायलंय? माझं तर झालं की!" म्हणून बघाया बाहेर येत्यात.

फसवायला मला मजा येती. एकच दार हाय जिथं मी हा आवाज काढत न्हाय. आमच्या मामीचं.

मामीच्या घरात घागर, तांब्या, परात, समई, देवाचं ताम्हण, सगळं काळं हाय. धुरानं न्हाय, नुसतं पडून. घागर तर अशी दिसती की अंधारात ठेवली तर पाय लागंल. गल्लीतल्या बाया टोमणे मारत्यात. "काय वो, यंदाबी देवीला कोळशाच्या खाणीत बसवायचं का?" मामी म्हणती, "देवी काय माझी भांडी बघाया येती व्हय? तिला तिची पोरं कमी हायत का बघाया?" बाया हसत्यात आन गप होत्यात. मामीला पोरबाळ न्हाय, त्यामुळं पोरांचा विषय निघाला की समोरचं माणूस आपोआप गप होतंय. मामीला हे ठाऊक हाय. ती तेवढ्यासाठीच तो विषय काढती.

हीच मामी एकेकाळी गल्लीत भांड्यांसाठी गाजलेली. तिच्या परातीत बघून मी भांग पाडलेला हाय. आमचं गाव आडबाजूचं, तिथं शाळा सातवीपर्यंत. म्हणून मी भूमला मामाच्या घरी राहून शिकलो. शिकलो म्हणजे बसलो. मामा एसटीत कंडक्टर. खाकी शर्ट, कानावर पेन आन खांद्याला कातडी बॅग, जिच्यातल्या चिल्लरीनं त्यांचा एक खांदा कायमचा खाली उतरलेला. मामा समोरनं चालत आले की वाटायचं, कुणीतरी फोटो तिरका टांगलाय.

त्या बॅगंमुळंच त्यांना नाण्यांचा नाद लागला. खेड्यातल्या म्हाताऱ्या कनवटीची गाठ सोडून जे निघंल ते द्यायच्या. त्यात कधी भोकाचा पैसा, कधी निजामाचं चारमिनारवालं नाणं. मामा खिशातलं चालू नाणं बॅगंत टाकायचे आन जुनं ठेवून घ्यायचे. आन दोन महिन्याला एकदा त्यांच्या नावावर पोस्टानं एक मासिक यायचं. 'खणखणाट'. नाण्यांचा छंद असणाऱ्यांसाठी. बारीक, आठ-दहा पानांचं, खाकी वेष्टणात गुंडाळलेलं. आत धुरकट फोटो, प्रत्येक नाण्याचे दोन, पुढचा आन मागचा. कुणाकडं काय ज्यादा हाय, कुणाला काय पाहिजे, खरं कसं वळखायचं, खोटं कसं वळखायचं. गल्लीत दुसऱ्या कुणाकडं पोस्टमन यायचा तो बँकंची नोटीस घेऊन. मामाकडं यायचा तो 'खणखणाट' घेऊन. मामा त्या दिवशी ड्यूटीवरनं आले की पाय धुवायच्या आधी वेष्टण फोडायचे.

वाचायचं काम माझ्याकडं. कारण मी ते संपादकाच्या आवाजात वाचायचो. संपादक मी कधी बघितला न्हाय, पण माझी खात्री होती की तो नाकात बोलत असणार. "सुजाण संग्राहकहोंऽऽ, ह्या अंकात आपण अत्यंत दुर्मिळ अशा..." मामी चुलीपुढं भाकरी थापता थापता हसायची, हसून हसून भाकरी फाटायची. ती फाटकी भाकरी माझ्या ताटात. मी मुद्दाम भाकरी तव्यावर जायच्या वेळंलाच नाक धरायचो.

मासिकात नाण्याच्या दर्जाचे शब्द ठरलेले होते. अतिसुंदर, सुंदर, बरं, झिजलेलं. मामा ते सगळ्याला लावायचे. एसटीतला ड्रायव्हर झिजलेला. बसस्टँडचा चहा बरा. माझा दहावीचा निकाल बघून म्हणले, "आकडे वाचता येत न्हायत एवढं झिजलंय." आन मामी? मामी भाकरी वाढाया वाकली की मामा मासिकात तोंड घालून पुटपुटायचे, "अतिसुंदर. किनार शाबूत." मामी पाठीत उलथनं घालायची.

ह्या चार शब्दांच्या खाली एक पाचवा शब्द होता, धुतलेलं. तो दर अंकात शेवटच्या पानावर चौकटीत छापलेला असायचा. 'नाणे धुऊ नका. धुतलेल्या नाण्यास दर्जा नाही.' तांब्याच्या जुन्या नाण्यावर जो काळा-तपकिरी रंग चढतो ती त्याची कातडी. ती चढायला पिढ्या लागत्यात. ती गेली की नाणं म्हणजे नुसता तांब्याचा तुकडा. मी ती चौकट रस्त्यावरच्या स्पीकरवाल्यासारखी वाचायचो, "नाणं धुवू नका हो, नाणं धुवू नकाऽऽ." मामी म्हणायची, "न्हाय धुवत रं बाबा, मला घरची भांडी काय कमी हायत?" एवढी गंमत झालती त्या चौकटीची, की तिच्यात काय लिहिलंय हे कुणाच्या डोक्यातच शिरलं न्हाय.

शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं, मामाला बाजारात घावली. मिरच्या विकणाऱ्या एका म्हातारीच्या तराजूला. एक पारडं हलकं होतं म्हणून तिनं दांडीला सुतळीनं एक काळा गोल तुकडा बांधलेला. पासंग म्हणून. मामा पावशेर मिरच्या घ्यायला गेले आन मिरच्यांच्या जागी त्या तुकड्याकडंच बघत बसले. म्हातारी म्हणली, "आवं भाऊ, माप बरुबर हाय माझं, असं काय टक लावून बघता?" मामानं तिला सायकलच्या दुकानातनं तेवढ्याच वजनाचा नट आणून दिला, वर तिच्या सगळ्या मिरच्या घेतल्या. आम्ही सालभर त्या मिरच्या खाल्ल्या. घरी आल्यावर मामानं तो तुकडा उजेडाला धरला आन एकदम बारीक आवाजात मला म्हणले, "पप्या, 'शिव' मधला 'व' बघ कसा काढलाय." 'व' उलटा होता. आरशात बघितल्यासारखा. ठसा कोरणाऱ्याचा हात चुकलेला, कुणा एका माणसाचा, कधीतरी. आन त्या चुकीवर काळी, मऊ, म्हशीच्या नाकासारखी कातडी चढलेली.

मामानं कुणाच्या तरी मोबाईलवरनं 'खणखणाट'ला फोटो पाठवला. आठवड्यानं संपादकाचा फोन आला. नाकात बोलत न्हवता. साधा, दमलेला आवाज होता. म्हणला, असा ठसा आम्ही छापलेला न्हाय. मोबाईलवरचा फोटो चालायचा न्हाय, नाणं घेऊन पुण्याला या, इथं नीट फोटो काढू, मुखपृष्ठावर घेऊ, तुमच्या नावानिशी. मामा फोन ठेवून उंबऱ्यावर बसले. माणूस आयुष्यभर लोकांना "पुढं सरका, पुढं सरका" म्हणतंय, त्याला पहिल्यांदा कुणीतरी पुढं ये म्हणलं. मामीनं साखर हातावर दिली. पुण्याला जायचा दिवस ठरला. घट बसायचा आदला.

हेच दिवस. हेच ऊन. हीच खस्स खस्स.

मामी दारात बसलेली, पुढं भांड्यांचा ढीग. मामा ड्यूटीवर. तिनं काय इचार केला ते तिनंच मला नंतर सांगितलं, आन अजूनबी सांगती, दर साली, त्याच शब्दात. "फोटो काढायचाय म्हणलं. म्हणलं पुण्याच्या लोकांपुढं जाणार, असं काळं तोंड घिऊन कसं जाईल? तू न्हाय का फोटोला जाताना तोंड धुत? आन मासिकात त्यांच्या नावानं छापणार. त्यांचं नाव आन काळं नाणं? म्हणलं चांगलं चकचकीत करून देऊ, बघू दे पुण्याला, भूमच्या बाया कशा घासत्यात."

चिंच, मीठ, राख. तिनं हाताचं बोट मोडंस्तवर घासलं. पोराला शाळेत घालताना तेल लावून भांग पाडावा तसं. मग धुतलं, पदरानं पुसलं, डबीत कापूस घातला आन वर ठेवलं.

मामानं सकाळी डबी उघडली. नाणं लालभडक. नळाच्या नव्या तोटीसारखं. उलटा 'व' घासून घासून निम्मा गेलेला. मी तिथंच होतो, दात घासत. मामी मागं हात पुसत उभी, तोंडावर हसू, कौतुक व्हायची वाट बघत.

मामा म्हणले, "चकचकीत झालंय."

डबी लावली. खाकी शर्ट घातला. पुण्याची रजा होती, पण ते ड्यूटीवर गेले.

मामीनं मला इचारलं, "पुण्याला न्हाय गेले?" मी तोंडातला फेस थुकला आन काय सांगावं? कुठल्या आवाजात सांगावं? त्या दिवशी मी पहिल्यांदा चौकट कुठलीच नक्कल न करता, मान खाली घालून वाचली. मामी ऐकत गेली तसा तिच्या तोंडावरचा एकेक भाग बंद होत गेला, संध्याकाळी दुकानांची शटरं एकामागं एक पडावीत तसा.

संपादकाचा फोन आला तेव्हा मामा घरीच होते. मामी आत, मी बाहेर. मामा फोनवर म्हणले, "नाणं हरवलं, साहेब." बास. पुढं दोन वेळा "हां, हां" म्हणले.

हरवलं. त्यांनी धुतलं असं सांगितलं न्हाय. मामी ह्या एका शब्दावर इतकी वर्सं बसून हाय. बायकोचं नाव खाली जाऊ नये म्हणून म्हणले हरवलं? का त्यांच्यासाठी ते खरंच हरवलंच होतं, आन त्याच्याबरोबर तीबी? मामा भांडले असते, ताट फेकलं असतं, आईबापावरनं शिवी दिली असती, तर मामी चार दिवस रडून मोकळी झाली असती. पण मामा चांगले वागले. भाजी चांगली झाली तर चांगली म्हणायचे. दवाखान्यात न्यायचे. फक्त 'अतिसुंदर' म्हणायचं बंद झालं. आन 'खणखणाट' यायचा तो वेष्टणासकट फळीवर जायचा. मी एकदा फोडाया गेलो तर म्हणले, "राहू दे. नंतर." मी नाकात सुरू केलं, "सुजाण संग्राहकहोंऽऽ" तर मामा उठून बाहेर गेले. माझ्या नकलंवर उठून गेलेलं पहिलं माणूस.

पुढच्या साली घटाच्या आधी मामीनं भांडी दारात काढलीच न्हायत. मामानं काळी घागर बघितली, मामीकडं बघितलं आन पाय धुवाया गेले. दोन माणसं, एका घरात, दोघंबी एकमेकाला सांभाळून असायचे, आन दोघांच्या मधी त्या भांड्यांवर काळा रंग हळूहळू चढत चाललेला.

मामा गेले ते बसमधीच, परांड्याच्या वाटंवर. छातीत कळ आली, डबल बेल मारायला हात वर केला तो तसाच. घरी त्यांची बॅग आली. आत चिल्लर फार न्हवती. लोक आता तिकीटसुद्धा मोबाईलवर क्यूआरचा चौकोन दाखवून काढत्यात. मामाच्या जागी आलेल्या पोराचे दोन्ही खांदे सरळ हायत. पुढं 'खणखणाट'बी बंद पडला. शेवटच्या अंकात संपादकानं लिहिलं होतं की छपाई परवडत न्हाय, आन संग्राहक आता फोनवरच्या गटात भेटत्यात, त्यांनी तिथंच आनंद घ्यावा. कंटाळलेला, सरळ मजकूर. तो मला कुठल्याच आवाजात वाचता आला न्हाय.

मामीनं ती सगळी वेष्टणं माझ्याकडनं फोडून घेतली. तिला एकच पाहिजे होतं. "बघ, त्यात औषध असंल. पुन्हा काळं करायचं." मी अंकामागं अंक चाळले. एका जुन्या अंकात शंका-समाधानात घावलंच. कुणीतरी इचारलेलं, धुतलेल्या नाण्यास पूर्वीचा रंग परत येतो का? मामी पुढं सरकून बसली. "वाच. त्याच्याच आवाजात वाच." मी नाक धरलं. "येतोंऽऽ." मामी हसली. किती दिवसांनी हसली. "निश्चित येतोंऽऽ. मात्र तो आपणांस नव्हे, आपल्या नातवंडांच्या नातवंडांस पाहावयास मिळेल." नाक धरलेलं तसंच राह्यलं. मामी म्हणली, "आपल्याला कुठली रं नातवंडं?" आन उठून चहा ठेवला.

तवापासनं ती घटाच्या मातीत शिवराई पेरती. पत्रावळीवर शेतातली माती, त्यात गहू, जवारी, मधी काळी घागर, आन मातीत खाली ती तांबडी शिवराई. लोक घागरीत पैसा टाकत्यात. ही मातीत पेरती. नऊ दिवस पाणी. धान तरारून वर येतं, पिवळंधम्मक. दसऱ्याला धान उपटून टोपीत खोवायला मला देती आन मातीत बोटं घालून शिवराई काढती. हिरवट डाग पडलेले असत्यात. पाण्याखाली धरलं की डाग जात्यात, खाली पुन्हा तोच निर्लज्ज लाल. "यंदाबी न्हाय उगवलं," म्हणती. दर साली. मी दर साली कायतरी इनोद करतो. खत कमी पडलं असंल. पाऊस लांबला. ती माझा मान राखायला हसती.

परवा गेलो. घटाची माती चाळून देतो मी तिला. गल्लीत खस्स खस्स चाललेली. मामीचे हात आता थरथरत्यात, डॉक्टरनं कायतरी नाव सांगितलं त्याला. माती चाळता चाळता म्हणली,

"पप्या, तुला त्यांचा आवाज येतो ना रं?"

"येतो की. कुठला पाहिजे? चला पुढं सरका, पुढं गाडी रिकामी हाय, सासरवाडीला चाललात का उभं राहून?"

मामीनं डोळे मिटले. "व्हय. तसाच. तसाच बघ." मग डोळे न उघडताच, "एकदा म्हण त्यांच्या आवाजात. 'असू दे गं, नाण्याचं काय एवढं.' म्हण."

मी आयुष्यात इतकी चांगली नक्कल केली न्हाय. मामाचा घसा, मामाचा दम, वाक्याच्या शेवटाला थोडं खाली पडणारं, खांद्यासारखं तिरकं. "असू दे गं. नाण्याचं काय एवढं." भिंतीवरच्या फोटोतनं आल्यागत आवाज.

मामी उठली, मामाच्या डबीतनं चांदीचा हाली रुपया काढला, निजामाचा. तिनं तो शहाबादी फरशीवर टाकला. खण्ण. लांब, बारीक, घरभर फिरून आलेला आवाज. मामा असंच करायचे. खरा रुपया गातो, खोटा नुसता पडतो, बद्द वाजतो, हे त्यांनी मला आन तिला दोघांनाबी शिकवलेलं.

"हे ऐकलंस?" मामी म्हणली. "तुझं बद्द वाजलं रं, बाळा. आवाज त्यांचा हाय. आत तूच हायस."

मला हसवता येईना. नकलाकाराला बद्द म्हणलं की त्याच्याकडं काय उरतं? मी सगळे आवाज चाचपून बघितले, संपादकाचा, पुकाऱ्याचा, मामाचा. कुठल्यानंबी उत्तर देता येईना. माझा सोताचा म्हणून एक आवाज असंल कुठंतरी तळाला. कधी वापरला न्हाय, म्हणून काळा पडून राह्यलेला. तो कसाबसा वर काढला.

"मामी," म्हणलं, "मामा काय म्हणले असते, मला म्हाईत न्हाय. त्यांनी माफ केलं का न्हाय, हेबी म्हाईत न्हाय. आता कुणालाच म्हाईत होणार न्हाय."

मामीनं रुपया उचलून डबीत ठेवला.

"हां," म्हणली. "हे खरं वाजलं."

मग तिनं पदराच्या गाठीतनं तांबडी शिवराई काढली, चाळलेल्या मातीत बोटानं खड्डा केला, ठेवली, माती सारखी केली. "पाणी घाल," म्हणली. मी पाणी घातलं.